न मिटणारी बंदूक

बंदुकीविषयीं नभोवाणीवरून बोलावयाचें म्हटलें कीं ऐकणारांच्या मनांत दोनच चित्रें उभीं राहतात. एक शिकारीचें आणि दुसरें खुनाचें. आज मी या दोहोंपैकीं कशाविषयींच बोलणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें कपाटांत पडून राहिलेल्या परवान्याच्या बंदुकीविषयीं, आणि त्यांतहि तिच्या एका लहानशा तक्रारीविषयीं. बंदूक हातांत घेतली, तिची पुढची मूठ मागें ओढली, पुन्हां पुढें लोटली, आणि ती शेवटपर्यंत गेलीच नाहीं. बंदूक मिटली नाहीं. अशा वेळीं काय करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, एवढाच आजचा विषय.

बीड जिल्ह्यांतील श्रोत्यांस हा विषय परका वाटूं नये. केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजीं हत्या झाली. ती बंदुकीनें झाली नव्हती. परंतु तिच्यामागोमाग जिल्ह्यांतील शस्त्रांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. या एका जिल्ह्यांत बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने होते, ही गोष्ट तेव्हां साऱ्या महाराष्ट्राला कळली. परवान्यांची छाननी झाली, आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यांत आले. परवाना कोणास असावा व कोणास नसावा, याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या बंदुका राहिल्या आहेत, त्या कोणाच्या तरी घरांत आहेत. त्या घरांत मुलेंबाळें आहेत, शेजारीं भिंतीला भिंत लागून दुसरें बिऱ्हाड आहे. म्हणून बंदूक ज्याच्या नांवावर आहे त्यानेंच नव्हे, तर घरांतील सर्व मोठ्या माणसांनीं या गोष्टी समजून घ्याव्यात, असें मला वाटतें.

बीडच्या जुन्या गांवांत राजुरी वेस, कोतवाली वेस अशा वेशी आहेत. वेस म्हटली कीं दरवाजा आला, आणि दरवाजा म्हटला कीं अडसर आला. जुन्या वाड्यांचीं दारें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना ठाऊक असेल कीं नुसतें दार लोटून वाडा सुरक्षित होत नसे. दार लोटल्यावर मागचा लांकडी अडसर भिंतींतल्या भोंकांत सरकवावा लागे. बाहेरून कितीहि धडका बसल्या तरी त्या दाराला सोसाव्या लागत नसत. त्या अडसरावर आणि अडसरामार्गें भिंतीवर जात. आज आपणांस जें समजून घ्यावयाचें आहे, त्याची किल्ली या अडसरांत आहे.

ठासणीच्या बंदुकीला मागून दारच नव्हतें. दारू आणि छर्रे पुढून भरावयाचे, गजानें ठासावयाचे, असा तो प्रकार. पुढें मागून भरावयाच्या बंदुका आल्या. दुनळी बंदूक सांध्यांत मोडून दोन काडतुसें ठेवावयाचीं व ती पुन्हां मिटावयाची, ही रीत आपल्याकडे फार परिचयाची आहे. एकाच नळींतून, पुन्हां पुन्हां न मोडतां, पांच-सहा बार काढतां यावेत म्हणून जी बंदूक निघाली, ती ही पंप अ‍ॅक्शन. अमेरिकेंत ख्रिस्तोफर स्पेन्सर यानें १८८२ च्या सुमारास अशी बंदूक बाजारांत आणली. जॉन ब्राउनिंग या थोर कारागिरानें १८९३ मध्यें आणि पुन्हां १८९७ मध्यें विंचेस्टर कंपनीसाठीं तिला नवें रूप दिलें. १९५० मध्यें निघालेला रेमिंग्टनचा ८७० हा नमुना तर पुढें लाखांनीं खपला. आपल्या देशांत बारा बोरची पंप अ‍ॅक्शन बंदूक सरकारी आयुधनिर्माणींत तयार झालेली आहे, आणि बँकेच्या दारांत किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकऱ्याच्या हातीं ती आपण पाहिलीहि असेल.

बारा बोर म्हणजे काय, हेंहि जातां जातां सांगतों. एक पौंड शिशाच्या अगदीं सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. एका पौंडांत वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते; म्हणून वीस बोरची नळी बारा बोरपेक्षां अरुंद असते. आंकडा मोठा आणि नळी लहान, हा उलटा हिशेब लक्षांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां या बंदुकीचें आंतील काम पाहूं. नळीच्या खालीं दुसरी एक नळी असते. तिला मॅगझिन म्हणतात. तींत काडतुसें एकामागें एक स्प्रिंगच्या दाबाखालीं बसलेलीं असतात. तिच्यावरून पुढेंमागें सरकते ती लांकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ. या मुठीपासून एक किंवा दोन लोखंडी पट्ट्या मागें बंदुकीच्या पोटांत जातात आणि तेथें बोल्टला, म्हणजे बंदुकीच्या दाराला, जोडलेल्या असतात. मूठ मागें ओढली कीं दार उघडतें, झालेलें काडतूस आंकड्याच्या साहाय्यानें ओढलें जाऊन बाहेर फेंकलें जातें, घोडा चढतो, आणि मॅगझिनमधून नवें काडतूस एका पट्टीवर येऊन बसतें. मूठ पुढें लोटली कीं ती पट्टी काडतूस वर उचलते व बोल्ट त्याला नळीच्या मागच्या घरांत ढकलतो.

येथवर दार नुसतें लोटलें गेलें. खरें काम मुठीच्या शेवटच्या बोटभर सरकण्यांत होतें. बोल्ट जागेवर येऊन थांबतो, पट्ट्या मात्र किंचित् पुढें जातात, आणि त्या किंचित् हालचालीनें एक पोलादी ठोकळा उचलला जाऊन समोरच्या खाचेंत बसतो. हाच बंदुकीचा अडसर. बनावटीगणिक त्याची ठेवण निराळी असते. कांहींत ठोकळा वर येतो, कांहींत सबंध बोल्टच तिरपा होऊन अडकतो. पण काम एकच. बार उडतांना बारा बोरच्या काडतुसांत दर चौरस इंचास सुमारें अकरा हजार पौंडांपर्यंत दाब उत्पन्न होऊं शकतो. तो पुढें छऱ्यांना ढकलतो, तसाच मागें बोल्टलाहि ढकलतो. आणि बोल्टच्या मागें, हातभराच्या आंत, माणसाचा चेहरा असतो. अडसर बसलेला नसेल तर तो धक्का कोण सोसणार, हें सांगावयास नको.

म्हणूनच अडसर पुरता बसल्याशिवाय घोडा पडूं नये किंवा आघात करणारी सुई टोपीपर्यंत पोहोचूं नये, अशी योजना या बंदुकांत केलेली असते. बंदूक मिटत नाहीं, आणि म्हणून उडत नाहीं, तेव्हां ती बिघडली आहे असें आपण म्हणतों. खरें पाहतां तिचा एक भाग बिघडला असेल. पण दुसरा भाग, आपणांस वांचविणारा भाग, त्या क्षणीं आपलें काम बजावीत असतो. तिचा नकार हा तिचा इशारा आहे.

हा इशारा ऐकण्यापूर्वीं कांहीं गोष्टी कराव्या लागतात. बंदुकीचें तोंड अशा दिशेस ठेवावें कीं चुकून बार उडालाच तर कोणास इजा होणार नाहीं. पातळ भिंत किंवा वरचा मजला ही सुरक्षित दिशा नव्हे. चापावर बोट नसावें. नंतर मॅगझिन रिकामें करावें, घर रिकामें करावें, आणि दोन्ही जागा डोळ्यांनीं पाहून शिवाय बोटानें चांचपून पाहाव्यात. या बंदुकींत हें विशेष महत्त्वाचें, कारण दुनळी मोडली कीं तिचें सारें पोट दिसतें. हिचें तसें नाहीं. घरांतलें काडतूस निघालें म्हणून बंदूक रिकामी झाली असें समजावें, तों खालच्या नळींत तीन बसलेलीं असावयाचीं. काढलेलीं काडतुसें त्या खोलींतहि ठेवूं नयेत. आणि काडतूस अर्धें आंत अडकून बसलें असेल, सहज निघत नसेल, तर ठोकाठोक न करतां, नळींत न डोकावतां, तेथेंच थांबावें. पुढचें काम परवानाधारक बंदूक-कारागिराचें आहे.

बंदूक रिकामी झाली कीं पहिला प्रश्न असा विचारावा: ती रिकामी असतांना मिटते काय? या एका प्रश्नानें अर्धें निदान होतें. रिकामी मिटत असेल आणि काडतूस घातल्यावर मिटत नसेल, तर दोष काडतुसांत, काडतुसाच्या घरांत किंवा आंकड्यांत असतो. रिकामी असतांनाहि मिटत नसेल, तर दोष बंदुकीच्या जोडणींत किंवा यंत्रांत असतो. दुसरी परीक्षा करावयाची झाल्यास ती बनावट, म्हणजे दारू व टोपी नसलेल्या काडतुसानें करावी. खऱ्या काडतुसानें घरांत अशी परीक्षा कधींहि करूं नये.

प्रथम काडतुसाचा विचार करूं. आपल्याकडे काडतुसें वर्षानुवर्षें डब्यांत पडून असतात. जुनीं कागदी नळकांडीं दमट हवेंत फुगतात; नव्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यांचें तोंड दबून वेडेंवांकडें होतें; बुडच्या धातूला गंज चढून त्याची कड जाड होते. यांपैकीं कशानेंहि काडतूस घरांत शेवटचा केंसभर जात नाहीं, आणि दार केंसभर उघडें राहिलें तरी अडसर बसत नाहीं. बुडाच्या मधोमध असलेली टोपीहि पाहावी. ती बुडाशीं सपाट किंवा किंचित् आंत असली पाहिजे. वर आलेली टोपी दिसली तर तें काडतूस फार जपून बाजूला ठेवावें. कारण बोल्ट जोरानें आदळला तर तोच तिच्यावरचा आघात ठरूं शकतो. फुगलेलें काडतूस कानशीनें घांसून बसविण्याचा उद्योग कोणी करूं नये. तें टाकावयाचें, आणि टाकावयाचें म्हणजे केरांत नव्हे, तर परवानाधारक विक्रेत्यास किंवा पोलीस ठाण्यास विचारून त्याची वाट लावावयाची.

काडतूस चांगलें असेल तर त्याचें घर पाहावें. जळलेल्या दारूची काजळी, प्लॅस्टिकचा वितळून चिकटलेला पापुद्रा, आणि पावसाळ्यानंतरचा गंज, हे तीन शत्रू तेथें वस्ती करतात. घराच्या मापाचा पितळी ब्रश, थोडें साफसफाईचें तेल आणि शेवटीं कोरडें फडकें, एवढ्यानें बहुधा काम भागतें. गंजानें खोल खड्डे पडले असतील तर मात्र कारागिराकडे जावें. वाळूकागद लावून घर मोठें करणें म्हणजे नवें संकट ओढवून घेणें होय.

तिसरा दोष आंकड्याचा. काडतूस घरांत शिरतांना बोल्टचा आंकडा त्याच्या कडेवरून उडी मारून तिला पकडतो. त्या उडीसाठीं त्याला मागें थोडी मोकळी जागा लागते. ती जागा जुन्या तेलानें व धुळीनें भरली असेल तर आंकडा हलत नाहीं आणि दार तेथेंच अडतें. हा दोष दिसावयास फार क्षुल्लक, पण वारंवार आढळणारा आहे. कधीं असेंहि होतें कीं मॅगझिनचा खटका झिजल्यामुळें एकाच वेळीं दोन काडतुसें बाहेर येतात. पहिलें दारांत अडतें, दुसरें त्याच्या बुडाशीं. हा दोष कारागिराचा.

आतां रिकामी बंदूकहि मिटत नाहीं, असें धरून चालूं. सर्वांत आधीं आठवावें कीं ती अलीकडे कोणी खोलली होती काय? तेल देऊन पुन्हां जोडतांना नळी आपल्या जागीं पुरती बसली नाहीं आणि मॅगझिनच्या टोंकाची टोपी अर्धवटच पिळली गेली, तर अडसराची खाच त्याच्या समोर येत नाहीं. भिंतींतलें भोंक चार बोटें पुढें गेलें तर दाराचा अडसर त्यांत कसा शिरणार? तसेंच आंतले भाग क्रम चुकून बसले, किंवा एका बंदुकीची नळी दुसरीला लावली, तरी हेंच होतें. दोन नळ्या दिसावयास सारख्या असल्या तरी खाच सारखी असतेच असें नाहीं.

जोडणी ठीक असेल तर ती खाचच पाहावी. एका कोपऱ्यांत दडलेली, कोणी कधीं न पुसलेली अशी ती जागा असते. तींत काजळी, तेल आणि धूळ यांचें घट्ट किटण बसतें. काडीला फडकें गुंडाळून तें काढलें कीं कित्येकदां बंदूक एखाद्या नव्या कडीसारखी मिटते. मुठीच्या पट्ट्या पडण्यानें वांकल्या असतील, तर मूठ घांसत, एका बाजूस ओढत सरकेल. त्या घरीं सरळ करूं नयेत. आणि शेवटीं ती सुई. बोल्टच्या तोंडावर तिचें टोंक सतत बाहेर दिसत असेल, तर ती तुटलेली किंवा किटणानें अडकलेली आहे असें समजावें. कांहीं बनावटींत अशा सुईमुळें अडसर वर येऊंच शकत नाहीं. येथें नकाराचा अर्थ अगदीं स्पष्ट होतो. अशा बंदुकींत खरें काडतूस घालून मूठ जोरानें लोटली, तर पुढें आलेली सुईच टोपीवर आदळेल, आणि अडसर बसण्यापूर्वींच बार उडेल.

श्रोतेहो, या सर्व अपघातांच्या मुळाशीं एकच गोष्ट सांपडते, ती म्हणजे जोर. आणि माणूस जोर केव्हां लावतो? घाईंत आणि भीतींत. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, तेव्हांच्या रात्री तेथील लोक विसरले नसतील. पुढें तो बिबट्या डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत, वनखात्याच्या परवानगीनें, गोळी घालून मारला गेला. वन्यप्राण्यांवर आपखुषीनें बंदूक चालविणें १९७२ च्या कायद्यानें वर्ज्य आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं सद्‍बुद्धीनें केलेली कृति तेवढी अपवाद. पण तशा एखाद्या रात्रीं, बाहेर कुत्रीं भुंकत असतांना, कोणी वर्षभर न पाहिलेली बंदूक काढली आणि ती मिटेना, तर तो काय करील? मुठीवर तळहात आपटील, बुडावर ठोकील. अंधारांत उभ्या असलेल्या संकटापेक्षां मोठें संकट तो त्या क्षणीं स्वतःच्या हातांत धरून उभा असेल. म्हणून बंदूक मिटते कीं नाहीं हें पाहण्याची वेळ रात्रीची नव्हे, तर रविवारच्या दुपारची.

तशी वेळ येऊं नये म्हणून काय करावें? आपल्या भागांतील उन्हाळा धुळीचा आणि पावसाळा थोडा पण दमट. तेल फार ओतलें कीं त्यांत धूळ मिसळून लगदा होतो. म्हणून तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें, एवढाच थर पुरे. चामड्याच्या म्यानांत बंदूक महिनोगणती ठेवूं नये. चामडें ओल धरतें आणि गंज आणतें. निवडणुकीच्या काळांत अनेकांना बंदूक ठाण्यांत जमा करावी लागते. अशी दीर्घकाळ बंद राहिलेली बंदूक परत आली कीं प्रथम साफ करावी, रिकामी मिटते कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच कुलपांत ठेवावी. काडतुसांना वेगळें कुलूप असावें.

साफसफाई मालकानें करावी. दुरुस्ती मात्र ज्याच्यापाशीं परवाना आहे त्यानेंच करावयाची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पांचव्या कलमानें शस्त्रांची दुरुस्तीहि परवान्याखालीं आणली आहे. गांवांतील लोहार किंवा लेथवाला कितीहि हुशार असो, बंदूक त्याच्याकडे देणें गैरकायदेशीर आहे आणि धोक्याचेंहि. अडसर केंसभर घांसून बसविला तर तो बसेल खरा. पण त्यानें सोसावयाचा भार तो सोसील काय, हें पुढच्या बारालाच कळेल. याच कायद्यांत २०१९ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें एका माणसास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत, आणि लग्नवरातींत हर्षभरानें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीहि शिक्षा होऊं शकतात.

समारोपापूर्वीं एक सावधगिरीची सूचना. न मिटणारी बंदूक इशारा देते हें खरें. पण मिटलेली प्रत्येक बंदूक सुरक्षित असतेच असें नाहीं. वीस बोरचें काडतूस बारा बोरच्या नळींत घातलें तर तें पुढें घसरून नळींत अडकतें. मागून बारा बोरचें काडतूस सुखानें बसतें, अडसरहि बसतो, आणि बार होतांच नळी फुटते. तसेंच तीन इंची काडतूस पावणेतीन इंची घरांत मिटूं शकतें, कारण त्याचें तोंड उलगडतें तें बार उडाल्यावर. आणि मग दाब मर्यादेबाहेर जातो. येथें बंदूक कांहींच सांगत नाहीं. म्हणून नळीवर कोरलेलें माप व काडतुसावर छापलेलें माप ताडून पाहणें, हें काम तिनें आपल्यावरच सोपविलें आहे.

वाड्याचें दार लागत नसे तेव्हां घरांतलें वडील माणूस लाथ मारीत नसे. तें वांकून उंबऱ्याशीं पाही. तेथें एखादा खडा सांपडे, किंवा पावसानें लांकूड फुगलेलें असे. खडा काढला कीं दार लागे. बंदुकीपाशींहि तसेंच वांकून पाहावें. खडा सांपडला तर काढावा. न सांपडला तर ती रिकामी, उघडी तशीच ठेवून जाणत्यास बोलवावें. ती उघडी आहे तोंवर घर सुरक्षित आहे.